पद्मिनीची चाल

गाडीचं वजन शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, पेलत नाही. हे मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोकांना सांगत आले आहे, आणि बहुतेकांना ते पटत नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. सगळे शॉकअप काढून ठेवले तरी गाडी आपल्या उंचीवर उभी राहील, चालेलसुद्धा. मात्र एकदा हलली की तिचं हलणं लवकर थांबणार नाही. खड्ड्याचा दणका स्प्रिंग पोटात घेते, पण तिला तो ठेवून घेता येत नाही. घेतलेलं जवळजवळ सगळं ती परत देते, मग गाडी वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. नाशिकच्या भद्रकालीतल्या आमच्या जुन्या वाड्यात माजघरात शिसवी झोपाळा होता. चार कड्या सगळ्यांचं वजन घ्यायच्या, पण झोका थांबायचा तो खाली टेकलेल्या पायानं. शॉकअप म्हणजे तो पाय.

आमच्या घरी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिचे पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. काम म्हणाल तर एवढंच. इंजिन उतरवलं नाही, पत्रा ठोकला नाही, रंगाला हात लावला नाही. पण या छोट्या कामाच्या निमित्तानं घरात आणि घराबाहेर जी बोलणी झाली, त्यातून जुनी गाडी सांभाळायची म्हणजे तिच्यातलं नक्की काय सांभाळायचं, याबद्दल माझं मत पक्कं झालं.

गाडी आप्पांची, माझ्या वडिलांची. आप्पा नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात होते. १९६४ साली मिग-२१ लढाऊ विमानं बनवण्यासाठी तो कारखाना उभा राहिला आणि नाशिकची कितीतरी घरं त्याच्या भोंग्यावर चालायला लागली. आमचं त्यातलंच एक. आप्पांचं काम विमानाच्या अंडरकॅरेजचं, म्हणजे चाकं, ती पोटात घेणारी-सोडणारी यंत्रणा आणि चाकांना धरणारे पाय. मिग-२१ ताशी अडीचशे किलोमीटरच्या वरच्या वेगानं जमिनीला टेकायचं. तो सगळा आघात त्या पायांनी घ्यायचा. म्हणून शॉकअप हा विषय आमच्या जेवणाच्या ताटावर लहानपणापासून आहे. विमानाच्या पायात नायट्रोजन आणि तेल एकाच नळीत असतात. दाबला गेलेला वायू स्प्रिंगचं काम करतो आणि बारीक भोकातून पिळून निघणारं तेल झोका थांबवतं. मोटारीत ही दोन कामं दोघांत वाटलेली. आप्पा सांगायचे, विमानाला आयुष्यभरात मोजके आघात झेलायचे असतात, मोटारीला दर मिनिटाला शंभर. तेव्हा मोटारीच्या शॉकअपला कमी समजू नका.

पद्मिनी मुळात फियाट ११००. इटलीत ती १९५३ साली आली. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ११०० डिलाइट बनायला लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढच्या सलग सीटवर तिघं सहज. पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र, प्रत्येकाला बॉडीशी जोडणारे वर-खाली दोन आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग आणि सोबत नळीचा शॉकअप. मागे मात्र सलग ॲक्सल आणि पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. हा पुढचा-मागचा फरक ज्यांच्याकडे पद्मिनी आहे त्यांनी नीट ध्यानात ठेवावा. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणातच थोडा झोका मरतो. मागचा शॉकअप थकला तरी पाटे थोडीफार लाज राखतात. कॉइल स्प्रिंगला घासायला दुसरं काही नाही. पुढे शॉकअप संपला की काहीच उरत नाही, आणि स्टिअरिंग तर पुढेच आहे. ब्रेकचा जास्त भारही पुढेच येतो.

संपतो म्हणजे काय होतं? आत तेलानं भरलेली नळी असते, तिच्यात दांडा, दांड्याच्या टोकाला पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्या भोकांवर पातळ पत्र्याच्या झडपा. चाक वर आलं की पिस्टन तेलातून सरकतो, तेलाला भोकांतून वाट काढावी लागते आणि त्या ओढाताणीत हालचालीतली शक्ती उष्णता होऊन निघून जाते. दणक्याचं अक्षरशः गरम तेल होतं. खराब रस्त्यावरून गाडी आणल्यावर चारही शॉकअपना जपून हात लावून बघा. जो गार लागेल तो काम करत नाही. ही परीक्षा मला आप्पांनी शिकवली आणि मी ती आजही बॉनेट दाबून बघण्याआधी करते. चांगला शॉकअप दाबताना कमी अडवतो आणि ओढताना जास्त. चाकाला दगडावर चढायला मोकळीक हवी, म्हणून दाबताना सैल. आणि स्प्रिंग साठवलेली शक्ती परत द्यायला निघते तेव्हा तिला रोखायचं, म्हणून ओढताना घट्ट. वर्षानुवर्षं हे होत राहिलं की झडपा झिजतात, दांड्याचं क्रोम टोचे पडून खडबडीत होतं, तो खडबडीत दांडा वरचं सील कापतो, तेल झिरपतं. बाहेरून धूळ बसते आणि नळीवर काळा चिकट थर चढतो.

हे सगळं इतक्या हळू होतं की गाडीत बसणाऱ्याला कळत नाही. क्लच घसरला तर त्याच दिवशी कळतं, ब्रेक बसला तर त्याच क्षणी. शॉकअप मात्र रोज केसभर कमी होतो आणि त्या केसभराशी शरीर जुळवून घेतं. आमच्याकडेही तसंच झालं. गंगापूर रोडवर कुठल्या गतिरोधकाला कुठून वळसा घ्यायचा हे माझ्या हाताला पाठ झालं होतं. मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलावर सांधे एकामागून एक येतात. एका सांध्याचा झोका संपायच्या आत दुसरा सांधा यायचा आणि मी आपोआप वेग कमी करायची. आई मागे बसली की दाराचा दांडा धरून बसायची. तिला विचारलं तर ती म्हणायची, ‘गाडी जुनी झाली गं, एवढं चालायचंच.’

हे ‘चालायचंच’ मला मान्य नाही. १९७९ साली ही गाडी अशी डुलत नव्हती. आप्पा तिच्यातून ओझरला रोज जात, हातात थर्मास घेऊन शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांसकट. वणीला, त्र्यंबकला, कसारा घाटातून मुंबईला आम्ही हीच गाडी नेली. तेव्हाची तिची चाल मऊ होती, पण सैल नव्हती. खड्ड्यात ती खोल बसायची, एकदाच उठायची आणि पुढे जायची. मोटारीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली झाली तर माणसाला बरं वाटतं. त्याहून फार हळू झाली तर पोट ढवळतं, फार जलद झाली तर हाडं हादरतात. जुन्या फियाटच्या स्प्रिंगा मऊ आहेत, त्या मऊपणाला आवर घालणारा शॉकअप तितकाच मोजून बनवलेला होता. दोघांची जोडी म्हणजे तिची चाल. आणि जुन्या गाडीत माझ्या लेखी सगळ्यात मोलाची तीच. रंग, क्रोमच्या पट्ट्या, पुढची जाळी हे सगळं फोटोत येतं. चाल फोटोत येत नाही. ती फक्त आत बसणाऱ्याला मिळते.

टायरनं शेवटी वेळ ठरवली. पुढच्या डाव्या टायरवर हात फिरवला तेव्हा रबरात ठरावीक अंतरावर उथळ खळगे लागले. चाक रस्त्याला धरून न राहता टपाटप उड्या मारत चाललं की टायर असा झिजतो. उडालेल्या चाकाला पकड नसते. त्या क्षणी ब्रेक मारला तर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. खळगे बघितल्यावर आईचं ‘चालायचंच’ मागे पडलं आणि मी गाडी वडाळा नाक्याकडे चाचांच्या गॅरेजला घातली.

चाचांनी काही उघडलं नाही. उजव्या मडगार्डावर दोन्ही तळवे ठेवले, अंगाचा भार टाकून दाबलं आणि हात सोडले. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, पुन्हा खाली. धडधाकट शॉकअप असता तर वर येऊन जागेवर स्थिरावली असती. मग डावीकडे तेच. ‘ताई, याच्यात जीव नाही राह्यला,’ ते म्हणाले. आणि लगेच पुढचं: ‘दोन्ही बदलायचे. एक नवा एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला पळेल.’

आता कुठले घालायचे, हा प्रश्न. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं. तरी तिचे सुटे भाग मिळतात, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी ही बाजारपेठ अगदी परवापरवापर्यंत जिवंत ठेवली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून हटली. टॅक्सी गेल्या तसा मालही हळूहळू आटेल, याची मला खरी काळजी वाटते. ज्यांना काही घेऊन ठेवायचं आहे त्यांनी आताच घ्यावं. शॉकअप मात्र साठवून ठेवायची वस्तू नाही, ते पुढे येईलच.

चाचांनी चार वाटा सांगितल्या. पहिली, आहेत तेच दुरुस्त करून घ्यायचे. नळी कापून उघडतात, सील नवं घालतात, तेल भरतात आणि पुन्हा वेल्डिंग करून बंद करतात. पैसे निम्म्याहून कमी लागतात. पण क्रोमला टोचे पडलेला दांडा तोच राहतो, तो नवं सीलही कापतो. शिवाय आत कुठलं तेल पडलं यावर सगळं अवलंबून. तेल जाड तर गाडी कडक, पातळ तर पुन्हा तीच डुलण्याची कथा. ट्रकवाले ही दुरुस्ती करून घेतात कारण त्यांना काही महिने काढायचे असतात. मला काही महिने काढायचे नव्हते.

दुसरी वाट, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या बाजारात जुना पण न वापरलेला, डब्यातला माल शोधायचा. संग्राहकांचा जीव या डब्यांत असतो. कंपनीचा शिक्का, जुन्या छपाईचं खोकं, सगळं खरं. पण रबराला वापरलं-न वापरलं कळत नाही, त्याला फक्त वर्षं कळतात. तीस वर्षं आडव्या पडलेल्या शॉकअपचं सील एका जागी वाळून बसतं आणि पहिल्या पावसाळ्यातच तेल सोडतं. तिसरी वाट दुसऱ्याच गाडीचे, लांबीला जवळपास बसणारे, वायू भरलेले शॉकअप टोकाचे जोडणीचे कान बदलून घालायचे. तरुण मुलं हे हौसेनं करतात. वायूच्या दाबानं तेलाला फेस येत नाही हा त्याचा मोठा गुण, वेगानं चालणाऱ्या गाडीत तो फार उपयोगी. पण तो दाब दांड्याला सतत बाहेर ढकलत असतो, त्यामुळे गाडीचं नाक थोडं उचलतं आणि चाल टणक होते. पद्मिनीच्या मऊ स्प्रिंगांशी ते जुळत नाही. आणि चौथी वाट सरळ: पद्मिनीसाठीच बनवलेले, तेलाचे, नव्या घडणीचे, ताज्या रबराचे.

मी चौथी धरली. यावरून आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांशी माझा चांगलाच वाद झाला. त्यांच्याकडे देखण्या जुन्या गाड्या आहेत आणि त्यांचा शब्द या वर्तुळात मानला जातो. त्यांचं म्हणणं, कारखान्यातून आलेला भाग गाडीवर आहे तोवर तो काढू नये, वरून रंगवून आहे तसा ठेवावा, नाहीतर गाडी खरी राहत नाही. त्यांच्या गाड्या वर्षातून थोड्या वेळा, सकाळी, गुळगुळीत रस्त्यावर चालतात. त्यांच्या पुरतं ते बरोबर असेल. पण मला विचाराल तर मेलेला मूळ शॉकअप गाडीला खरी ठेवत नाही, तिला खोटी करतो. फियाटच्या माणसांनी ती डुलणारी गाडी बनवली नव्हती. त्यांनी जी चाल ठरवली होती ती आज बघायची, अनुभवायची असेल तर हा भाग बदललाच पाहिजे. झिजणं हे त्याचं कामच आहे. टायर, ब्रेकचे लायनिंग, पंख्याचा पट्टा आपण निमूट बदलतो आणि गाडीला खोटी म्हणत नाही. शॉकअप त्याच पंक्तीतला. आप्पा तर याहून कडक बोलले. विमानाच्या पायातलं सील ठरलेल्या मुदतीला बदलायचं म्हणजे बदलायचं, ते चांगलं दिसतंय की नाही हे कुणी विचारायचं नाही, अशा शिस्तीत त्यांचं आयुष्य गेलं.

नाशिककरांनी तरी शॉकअपला परकं मानू नये, असं मला वाटतं. १९६१ साली मुलुंडला सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा एक कारखाना आपल्या अंबडमध्ये आहे. सातपूर-अंबडच्या पाळ्यांना जाणाऱ्या कित्येक घरांत कुणीतरी पिस्टनचा दांडा घासलाय, कुणी क्रोम चढवलंय, कुणी तेल भरलंय. या शहराला द्राक्षं आणि देवळं सांगता येतात तशी यंत्रंही सांगता यायला हवीत. आपण ती फार कमी सांगतो.

कामाच्या आदल्या संध्याकाळी चाचांनी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. त्यांची पद्धत मला आवडते. घाई करून पान्ह्याला पाइप लावून जोर करणारे मिस्त्री बोल्ट मोडतात आणि मग दिवसभर ड्रिल चालतं. चाचा एक रात्र देतात. सकाळी मागच्या चाकांना दगड लावले, पुढच्या चाकांचे नट जमिनीवरच सैल केले, मग जॅक. गाडी वर गेल्यावर बॉडीखाली लोखंडी घोडे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही, कधीही हात घालू नये. यात मला कसलीच सवलत मान्य नाही. त्यानंतर ज्या बाजूचा शॉकअप काढायचा, त्या बाजूच्या खालच्या आर्मखाली दुसरा जॅक टेकवून ठेवला. कॉइल स्प्रिंग दाबाखाली बसलेली असते. आर्म खाली सुटला तर तीत साठलेलं बळ कुठे जाईल हे सांगता येत नाही. शॉकअप बदलताना स्प्रिंगला धक्का लावायचा नसतो, ती आपल्या जागी शांत बसलेली असली पाहिजे.

डावीकडचा तासाभरात निघाला. उजवीकडचा वरचा नट काही ऐकेना. पावसाळ्यात चाकानं उडवलेला चिखल वर्षानुवर्षं तिथे बसलेला, नट आणि आटे गंजून एकजीव झालेले. चाचांनी तारेच्या ब्रशनं आटे खरवडले, पुन्हा तेल मारलं, चहा मागवला. चहा झाल्यावर पान्हा आधी आवळायच्या दिशेला किंचित, मग सोडायच्या दिशेला, पुन्हा थोडा आवळून पुन्हा थोडा सैल. गंजाचा भुगा बाहेर पडत गेला आणि नट फिरला. इतक्या सावकाशीनं केलेलं काम मला फार मोठं वाटतं. आटे शाबूत राहिले, वायसरसुद्धा वाचला, तरी चाचांनी नवे नट-वायसर घातले.

जुना शॉकअप त्यांनी माझ्या हातात दिला. दांडा मी एका बोटानं आत ढकलला, तो सरकन गेला आणि मधे कुठेतरी खड्ड्यात पडल्यासारखा मोकळाच सरकला. तेल संपलेली जागा होती ती. मग नवा. तो लगेच बसवायचा नसतो. खोक्यात आडवा पडून त्याच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. आधी उभा धरून दांडा पूर्ण बाहेर ओढायचा, उलटा करून पूर्ण आत दाबायचा, असं चार-पाच वेळा, म्हणजे हवा वर निघून जाते आणि तेल जागेवर येतं. हे न करता बसवलेला शॉकअप पहिल्यापासून ठकठक करतो आणि लोक मालाला नावं ठेवतात. चाचांनी ते काम मला करू दिलं. आत दाबताना तो सावकाश, नरमपणे गेला. बाहेर ओढताना मला दोन्ही पाय रोवावे लागले. झडपांचा हा भेद वर्षानुवर्षं मी लोकांना समजावत आले आहे, पण तो दंडांत आणि खांद्यांत असा जाणवणं वेगळं. मी तो गरजेपेक्षा थोडा जास्तच वेळ ओढत-दाबत बसले.

बसवताना एकच गोष्ट लिहून ठेवण्यासारखी. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना नुसते धरेपर्यंत आवळायचे. शेवटचा पीळ गाडी चाकांवर उभी राहिल्यावर द्यायचा. लटकत्या चाकाला बुश पक्का आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकं उघडी आहेत तोवर चाचांनी किंगपिनला, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिला, ग्रीस दिलं, ब्रेकच्या पाइपांवर नजर टाकली. अलाइनमेंट करावी लागली नाही. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत शॉकअप हाच चाकाचा उभा खांब असतो, तो काढला की चाकाचा कोन हलतो आणि अलाइनमेंट लागते. पद्मिनीत चाकाचा कोन आर्म ठरवतात. ज्यांना कुणी नुसते शॉकअप बदलून अलाइनमेंटचं बिल दिलं असेल त्यांनी हे विचारून बघावं.

आप्पांना घ्यायला मी घरी गेले. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे, गाडी चालवणं डॉक्टरांनी बंद केलेलं. त्यातच २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला तो त्यांनी टीव्हीवर बघितला होता. एफएल, एम, बिस अशी त्या विमानाची रूपं त्यांच्या डोळ्यांसमोर ओझरच्या हँगरमधून बाहेर पडलेली. ते काही बोलले नव्हते, पण पुढचे काही दिवस जेवताना विमानांचा विषय कुणी काढला नाही. गाडीत बसल्यावर मी विचारलं, ‘कुठून नेऊ?’ ते म्हणाले, ‘ओझरच्या बाजूला ने. सांधे लागतात तिकडून.’

द्वारका चौकाच्या अलीकडून उड्डाणपुलावर चढलो. पहिला सांधा आला. पुढचं नाक खाली गेलं, वर आलं आणि जागेवर थांबलं. दुसरा सांधा यायच्या आधीच गाडी शांत झाली होती. मला वेग कमी करावा लागला नाही. आप्पांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला होता, बोटं पसरून. ओझरपर्यंतच्या वीसेक किलोमीटरात त्यांनी तो काढला नाही. पुलाखाली उतरल्यावर सेवारस्त्याला मुद्दाम घ्यायला लावलं, कारण २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात आणि आजूबाजूला रस्ते खोदलेले, बुजवलेले, पुन्हा खोदलेले. तिथे खरी परीक्षा. लांबट खड्ड्यांतून गाडी खोल बसून सावकाश उठत होती. मी ज्या चालीबद्दल इतकं लिहिते आहे ती हीच.

गतिरोधकांवर मात्र आप्पा चिडले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटरनं गाडी त्यावरून जाईल असा. असा गतिरोधक मिळाला तर धडधाकट गाडी त्याच्यावरून एका लाटेसारखी जाते. पण कॉलनीच्या तोंडाशी बसवलेल्या अरुंद, उभट पट्ट्यांवर चाक इतक्या झटक्यात वर येतं की तेलाला भोकांतून जायला वेळच मिळत नाही, आणि दणका थेट बॉडीला बसतो. असल्या पट्ट्यावर जगातला कुठलाही शॉकअप माणसाला वाचवू शकत नाही. तिथे वेग कमी करणं एवढंच आपल्या हातात. मी केला.

परत येताना ओझरच्या गेटसमोर थांबलो. मी खाली वाकून दोन्ही पुढच्या शॉकअपना हात लावला. दोन्ही कोमट, सारखेच. मागचा उजवा मात्र गार होता. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘मला बसल्या बसल्या कळलं होतं. मागून उशीर होतोय तिला.’

मागच्याबद्दल आमचं एकमत नाही. मला लगेच मागचेही दोन नवे घालायचे आहेत. आप्पांचं म्हणणं, आधी पाटे उतरवून एकेक पट्टी साफ करा, गंज काढा, मधे ग्राफाइटचं ग्रीस द्या, पाटे बॉडीला टांगणाऱ्या शॅकलचे बुश बघा. पाटे गंजून आखडलेले असतील तर नवे शॉकअप घालून काय कळणार? पाट्यांचं घर्षण आधी मूळ मापाला आणायचं आणि मग बाकीचं शॉकअपवर सोपवायचं. चाचांना विचारलं तर ते हसून म्हणाले, ‘साहेब बरोबर बोलतात ताई, पण पाटे उतरवायचे म्हणजे गाडी चार दिवस इथंच.’ गाडी चार दिवस नसेल तर आईला वणीला न्यायचं पुढे ढकलावं लागेल, आणि ती त्याला तयार नाही. तेव्हा आधी वणी, सावकाश, मागच्या सीटवर दोघंच. परतल्यावर पाटे.